कूलरला जपानीत काय म्हणतात

दिपमाला पाटील हिला दहावीच्या इंग्रजीत पहिल्यांदा अठ्ठावीस मार्क पडले, दुसऱ्यांदा एकतीस आणि तिसऱ्यांदा तेहतीस. चढती कमान बघता चौथ्या खेपेला आपण नक्की सुटलो असतो, असं ती अजूनही सांगते. पण तेवढ्यात वडिलांनी स्थळ आणलं आणि इंग्रजी तिथंच राहिलं.

तिचं माहेर पारोळ्याजवळचं एक लहान गाव. पाहुणे आले ते जळगावला लागून असलेल्या कुसुंब्याचे. चहा झाला, पोहे झाले, आणि मुलाच्या मामांनी खिशातून पेपर काढून तिच्या हातात दिला. मुलगी शिकलेली आहे म्हणता, तर वाचून दाखवू दे. दिपमालाने पेपर नीट उलगडला आणि खणखणीत आवाजात वाचलं की, लग्नात मोटरसायकल मागणाऱ्या तीन मामांना जळगाव पोलिसांनी ताब्यात घेतलं असून चौथ्याचा शोध चालू आहे. मामांना स्वतःला वाचता येत नव्हतं. ते एकदम गंभीर झाले आणि त्यांनी दुसरा कप चहा घेतला नाही. मुलगा, म्हणजे वना, शेजारीच बसला होता आणि त्याला ते पान स्पष्ट दिसत होतं. पानावर कापसाचे भाव होते आणि दंतमंजनाची जाहिरात. त्याने पेपरची घडी घालून तो मामांच्या खिशात परत ठेवला. घरी गेल्यावर एवढंच म्हणाला की मुलगी पसंत आहे. मोटरसायकलचा विषय पुन्हा निघाला नाही.

या गोष्टीला आता चोवीस वर्षं झाली. वना लोडिंग रिक्षा चालवतो. दिपमाला एकोणीस वर्षांपासून जळगावच्या एमआयडीसीत जवरीलाल शेठजींच्या चटई फॅक्टरीत आहे. प्लास्टिकचा दाणा वितळवायचा, त्याचा धागा ओढायचा, लूमवर चटई विणायची, आणि ती विणलेली चटई शेवटी घडी विभागात यायची. तिथल्या बायका चटई उलगडून बघणार, सुटलेला धागा कापणार, घडी घालणार आणि दहा-दहाचा गठ्ठा बांधणार. विभागात सोळा बायका, वर पत्रा, आणि भिंतीवर दोन पंखे. त्यातला एक पंखा फिरायचा, दुसरा नुसता आवाज करायचा. एप्रिल-मे महिन्यात त्या पत्र्याखाली उभं राहणं म्हणजे शिक्षाच. दरवर्षी दोघी-तिघी चक्कर येऊन पडायच्या. तीन उन्हाळे दिपमाला शेठजींच्या मुलाकडे, तरुणकडे, कूलर मागत होती. तो तीन उन्हाळे मोबाइलवरून नजर न काढता 'पाहू' म्हणत होता.

अशात ओसाकाजवळच्या एका कंपनीने या फॅक्टरीत भांडवल घातलं. जपानी लोक घरात गवताच्या चटया अंथरतात. तशाच दिसणाऱ्या पण धुता येणाऱ्या प्लास्टिकच्या चटया त्यांना हव्या होत्या. त्यासाठी नवे लूम येणार होते. आधी जागा बघायला मोरिता नावाचे इंजिनियर आले. अंगाने काटकुळे, पन्नाशीचे, डोक्यावर टोपी, हातात छोटी वही. त्यांचा दुभाषा मुंबईहून यायचा होता, त्याची गाडी चुकली. मोरिता-सान, म्हणजे मोरिता साहेब, थांबणाऱ्यांतले नव्हते. ते एकटेच आत शिरले आणि एका जुन्या लूमवर हात ठेवून त्यांनी जपानीत काहीतरी विचारलं.

समोर प्रेमराज उभा होता. प्रेमराज लूमचा फिटर, धुळ्याकडचा, मिशीवाला, स्वतःच्या कामाचा फार अभिमान असलेला. साहेब कोणत्या यंत्राबद्दल बोलतात ते त्याला कळेना. त्याने त्याच लूमकडे बोट केलं आणि अहिराणीत विचारलं, "हाई?" म्हणजे 'हे का?' मोरिता-सान खूश होऊन पुढच्या लूमकडे गेले. प्रेमराजने पुन्हा विचारलं, "हाई?" अशा पाच लूमवर पाच वेळा 'हाई' झालं. जपानीत 'हाइ' म्हणजे 'हो', हे तेव्हा फॅक्टरीत कोणालाच माहीत नव्हतं. मोरिता-सान विचारत होते की हे लूम सोमवारपर्यंत बंद करून जागा मोकळी कराल का. त्यांनी वहीत पाच बरोबरच्या खुणा केल्या, वाकून नमस्कार केला आणि हॉटेलवर गेले.

सोमवारी ते मोजपट्टी घेऊन आले तेव्हा पाचही लूम धडधडा चालू होते. दुभाषाही आला होता. ऑफिसात दोन तास बैठक चालली. शेवटी दुभाष्यालाच सगळा घोळ उमगला आणि तो हसू आवरायला बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. पंधरा दिवसांनी ओसाकाहून पत्र आलं. नवे लूम येण्याआधी निदान बारा कामगारांना कामापुरती जपानी आली पाहिजे. शिकवणीची सोय कंपनी करेल.

तरुणने यादी लावली. अट एकच, दहावी पास. दिपमाला केबिनमध्ये जाऊन माझंही नाव घाला म्हणाली, तर तरुणने दिलगिरीने मान हलवली. अक्का, तीन वेळा नापास झालेल्या बाईला मी जपानी शिकायला कसं बसवू, असं त्याने विचारलं. तिने ते शब्द लक्षात ठेवले.

घडी विभागातून नाव लागलं ते किरण पाटीलचं. किरण वीस वर्षांची, बारावी पास, आणि दोन महिन्यांनी तिचं लग्न. मुलगा दोंडाईच्याचा. तिला जपानीत काडीचा रस नव्हता. तिला रोज चार वाजता सुटून बाजारात जायचं होतं. दिपमालाने तिला चटईच्या गठ्ठ्याआड घेतलं आणि दोघींचं दोन मिनिटांत ठरलं. आडनाव एकच होतं. शिकवायला येणारी मॅडम बाहेरची होती. तेव्हा सोमवारी संध्याकाळी चार वाजता कॅन्टीनच्या हॉलमध्ये हजेरी झाली आणि किरण पाटील म्हणताच त्रेचाळीस वर्षांची एक बाई सुस्पष्ट आवाजात 'हजर' म्हणाली. बाकी अकरा जणांनी जमिनीकडे पाहिलं.

मॅडमचं नाव कामिनी. नाशिकची, सव्वीस वर्षांची, पाच वर्षं जपानी शिकलेली, आणि मनापासून शिकवणारी. फक्त ती शिकली होती इंग्रजीतून, त्यामुळे शिकवतही तशीच होती. हा सब्जेक्ट, हा ऑब्जेक्ट, हा पार्टिकल, असे बाण ती फळ्यावर काढायची. ऑब्जेक्ट शब्द ऐकला आणि दिपमालाला दहावीचे तेहतीस मार्क आठवले. प्रेमराज डोळे उघडे ठेवून झोपला होता. ही कला त्याने रात्रपाळीत कमावली होती.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी फळ्यावर देवनागरीत एक वाक्य लिहिलं: कोरे वा होन देस का. हे पुस्तक आहे का. मग त्या इंग्रजीत समजावू लागल्या की यात क्रियापद शेवटी येतं आणि प्रश्न विचारायचा असेल तर त्याच्याही मागे 'का' लावतात. दिपमाला फळ्याकडे बघत राहिली. 'हाई पुस्तक शे का.' मराठीतही ते तसंच बसलं असतं, पण तिच्या डोक्यात आधी अहिराणीच यायची. तिने बोटावर शब्द मोजले. कोरे म्हणजे हाई. होन म्हणजे पुस्तक. देस म्हणजे शे. आणि का म्हणजे का. नुसता अर्थच नाही, अक्षरसुद्धा तेच.

मॅडमनी पुढचं वाक्य लिहिलं. अत्सुइ देस ने. गरम आहे ना. 'गरम शे ना.' पुन्हा प्रत्येक शब्द आपापल्या जागेवर, आणि शेवटी आपल्या 'ना'सारखाच नाकातला 'ने'. तिसरं वाक्य होतं की मी जळगावहून आलो, आणि त्यातला 'कारा' हा शब्द जळगावच्या मागे असा चिकटला होता, जसा अहिराणीत 'हून'साठी 'थीन' चिकटतो. दिपमालाला हसू यायला लागलं. इंग्रजीत सगळं उलटं असायचं. कर्त्यामागोमाग क्रियापद घुसायचं आणि बाकीचं वाक्य मागून फरपटत यायचं. इथं सगळे शब्द घरच्यासारखे बसले होते. तिने प्रेमराजला कोपराने ढोसलं.

"भाऊ, हाई तं आपलीच भाषा शे," ती कुजबुजली. "फक्त शब्द बदली गयात."

प्रेमराज जागा झाला. तिने त्याला तीन वाक्यं अहिराणीत लावून दाखवली. त्याने मिशीवर हात फिरवला आणि मागच्या दोघांना सांगितलं. आठवडाभरात मागचे दोन बाक असे चालायला लागले की मॅडम फळ्यावर बाण काढायच्या आणि दिपमाला खालच्या आवाजात शे, का, ना, थीन लावत जायची. मॅडमना चमत्कारिक वाटू लागलं. पुढच्या बाकावरचे शिकलेले लोक चाचपडत होते आणि मागच्या बाकावरून धडाधड बरोबर उत्तरं येत होती.

भांडं फुटलं ते तिसऱ्या आठवड्यात, आणि तेही खऱ्या किरणमुळे. ती लग्नाच्या पत्रिका वाटत फिरत होती. सगळ्यांना दिली, मग मॅडमला कशी नाही द्यायची म्हणून भर वर्गात आली, पत्रिका पुढे केली आणि लाजत म्हणाली, "मी किरण पाटील. लग्नाला नक्की या." मॅडमनी पत्रिका घेतली, हजेरीच्या वहीत पाहिलं, मग मागच्या बाकाकडे पाहिलं. तेव्हा दिपमाला उठली आणि शिकवल्याप्रमाणे दोन्ही हात मांडीशी धरून तिने कमरेतून वाकून सांगितलं:

"वाताशी वा दिपमाला देस. सुमिमासेन."

मी दिपमाला आहे, माफ करा. उच्चार इतका चोख होता की रागवायच्या बेताने उठलेल्या कामिनी मॅडम पुन्हा खुर्चीत बसल्या. त्यांनी वर्ग सुटल्यावर तिला थांबवून घेतलं आणि मागच्या बाकावर नक्की काय चालतं ते विचारलं. दिपमालाने लपवाछपवी न करता फळ्यावर दोन ओळी लिहिल्या, वर जपानी, खाली अहिराणी. मॅडमनी दोन्ही ओळींतले शब्द बोटाने एकाखाली एक जुळवून पाहिले. त्या नाशिकच्या, अहिराणी त्यांच्या कानावरून गेलेली, पण कधी कामाला आली नव्हती. पाच वर्षं हे मला कोणी सांगितलं नाही, एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून फळ्याचे दोन भाग झाले. डाव्या बाजूला मॅडम, उजव्या बाजूला दिपमाला. हजेरीच्या वहीत किरणचं नाव तसंच राहिलं, कारण ती वही तरुणकडे जायची.

घडी विभागातही जपानी शिरली. दिपमालाने बायकांना आकडे शिकवले आणि चटया जपानीत मोजायच्या असं ठरवून टाकलं. जपानीत सातला दोन शब्द आहेत, शिचि आणि नाना. तिने दुसरा निवडला, आणि तो का निवडला ते शेजारच्या स्टोअरमध्ये बसणाऱ्या पुना नानांना पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. स्टोअरचं दार उघडं असायचं. इकडे बायका सुरात मोजायच्या, इचि, नि, सान, योन, गो, रोकु, आणि मग सोळा जणी एकदम, "नाना." की पुना नाना चष्मा कपाळावर सरकवत दारात हजर. काय शे, म्हणून विचारायचे. बायका खाली मान घालून हाचि, क्यू, जू करत गठ्ठा बांधायच्या. पहिल्या दिवशी ते नऊ वेळा आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की वडीलधाऱ्याला हाक मारून काम न सांगणं ही चेष्टा असून ते शेठजींकडे जाणार आहेत. मग प्रेमराजने त्यांना समजावलं की जपान देशात सातचा आकडा त्यांच्या नावाने चालतो. नाना विचारात पडले. आबांचा कोणता आकडा आहे, असं त्यांनी विचारलं. आबा म्हणजे गोडाऊनचे वॉचमन, नानांचे जुने प्रतिस्पर्धी. त्यांचा कोणताच नाही म्हटल्यावर नाना ताठ चालत गोडाऊनकडे गेले, ते तासाभराने परत आले.

फेब्रुवारी संपत आला तसं मोरिता-सान परीक्षा घ्यायला येणार असल्याचं कळलं. तरुणने ठरवलं की स्वागताचं भाषण आपण जपानीत करायचं. तो स्वतः वर्गाला एकदाही बसला नव्हता. त्याने मराठीत अकरा ओळी लिहिल्या. मैत्री, प्रगती, दोन देश, एक परिवार, असं सगळं त्यात होतं. पण कामिनी मॅडम त्याच आठवड्यात भावाच्या लग्नाला नाशिकला गेलेल्या. त्यांनी फोनवरून कळवलं की घडी विभागातली दिपमाला हे करू शकेल. तरुणने नाइलाजाने कागद दिपमालाच्या हातात दिला. ती वर्गात कशी काय बसते हे विचारायचं त्या गडबडीत राहून गेलं.

दिपमालाने कागद घरी नेला. वना जेवत होता. ती ताटाशेजारी वही घेऊन बसली आणि एकेक ओळ लावत गेली. तिला जमणारे सोपे शब्द, साधी वाक्यं. अकरा ओळी झाल्या. मग ती थांबली. बाहेर अजून थंडी होती, तरी तिच्या डोळ्यांपुढे मे महिन्यातला पत्रा आला. तिने बारावी ओळ लिहिली:

"नात्सु वा अत्सुइ देस कारा, मिना-सान नो हेया नि कूरा ओ योत्त्सु त्सुकेमास. याकुसोकु शिमास."

उन्हाळा गरम आहे म्हणून सगळ्यांच्या खोलीत चार कूलर लावतो. वचन देतो. कूलरला जपानी शब्द तिला माहीत नव्हता. पण टेबलचं तेबुरु होतं आणि कपचं कोप्पु, तर कूलरचं कूराच होणार, असा तिने अंदाज केला. वना म्हणाला, एकटीच काय हसतेस? तिने त्याला आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. तरुण केबिनमध्ये उभा राहून वाचायचा आणि दिपमाला उच्चार सुधारायची. मैत्री आणि प्रगती तिने त्याला कशीही म्हणू दिली. बारावी ओळ मात्र तिने सोळा वेळा घोकून घेतली. 'याकुसोकु शिमास' म्हणताना उजवा हात छातीवर ठेवा, त्यांच्याकडे ते चांगलं दिसतं, असंही सांगितलं. तरुणने विचारलं की या ओळीत काय आहे. ती म्हणाली, यात कामगारांबद्दलचा जिव्हाळा आहे. हे काही खोटं नव्हतं.

परीक्षेला दुभाषा मुद्दाम बोलावला नव्हता, तरी दिवस चांगला गेला. मोरिता-सान एकेकाशी लूमजवळ उभं राहून बोलले. प्रेमराजने 'हाइ' आणि 'हाई' यांतला फरक स्वतः त्यांना समजावून सांगितला, जपानीत, हातवारे करत. मोरिता-सान इतके हसले की त्यांची टोपी पडली. बारापैकी दहा जण पास झाले. नंतर कॅन्टीनमध्ये सगळे जमले आणि तरुण भाषणाला उभा राहिला. पहिल्या अकरा ओळी मोरिता-सानांनी नम्र चेहऱ्याने ऐकल्या. बारावीला त्यांनी मान वर केली. तरुणने छातीवर हात ठेवून वचन दिलं. मोरिता-सान उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. त्यांनी वही काढली आणि पुढे होऊन विचारलं, "इत्सु देस का?" म्हणजे कधी. तरुणला जपानीतला एकच शब्द न वाचता येत होता. तो हसून म्हणाला, "हाइ." मोरिता-सानांनी विचारलं, "कोन्गेत्सु देस का?" याच महिन्यात का. तरुण आणखी मोठं हसून म्हणाला, "हाइ, हाइ." मोरिता-सानांनी वहीत तारीख लिहिली. मागे भिंतीशी उभ्या असलेल्या दिपमालाने पदराचा बोळा तोंडात धरला होता.

ओसाकाहून आभाराचं पत्र आलं तोवर कामिनी मॅडम परतल्या होत्या. तरुणने ते त्यांच्याकडून वाचून घेतलं. कामगारांच्या खोलीत चार एसी बसवण्याच्या आपल्या निर्णयाने आम्ही भारावून गेलो आहोत, असं त्यात होतं. मे महिन्यात येऊ तेव्हा फोटो काढू, तो कंपनीच्या मासिकात छापू. तरुणचा चेहरा पांढरा पडला असं मॅडमनी नंतर सांगितलं. पण त्यांनी ते सांगितलं तेव्हा पांढरा पडायची पाळी दिपमालाची होती. जपानमध्ये 'कूरा' म्हणजे वाळ्याची ताटी आणि पाण्याची टाकी असलेला आपला कूलर नव्हे. तिकडे एसीलाच कूलर म्हणतात. तिने चार कूलर मागितले होते आणि शेठजींच्या पोराने अख्ख्या कंपनीदेखत चार एसी कबूल केले होते.

दोन दिवस ती मुकाट्याने घड्या घालत राहिली. मोजायचंही मराठीतच. तिसऱ्या दिवशी जवरीलाल शेठजींचं बोलावणं आलं. शेठजी सत्तरीचे, पांढरे कपडे, बोलणं कमी. त्यांच्या टेबलावर भाषणाचा कागद होता. त्यांनी तिला बसायला सांगितलं. एकोणीस वर्षांत त्या खुर्चीत ती पहिल्यांदाच बसत होती.

"तरुणने मराठीत अकरा ओळी लिहिल्या," शेठजी म्हणाले. "जपानीत बारा झाल्या. भाषा मला येत नाही, पण ओळी मोजता येतात. बारावी मी मॅडमकडून वाचून घेतली."

दिपमालाने कागदावरची बारावी ओळ नजरेने शोधली.

"कूलर मागितले होते की एसी?"

"कूलर, शेठजी."

"मग एसी कसे आले?"

तिने सांगितलं. जपानी लोक कशाला काय म्हणतात तेही सांगितलं, आणि पत्र्याखाली चक्कर येऊन पडलेल्या बायकांची नावंही सांगितली, वर्षवार. शेठजी ऐकत होते. मग त्यांनी विचारलं की हा घोटाळा होईल हे आधी माहीत असतं, तर काय केलं असतं.

इथे शहाण्या माणसाने हात जोडून चूक झाली म्हणायला हवं होतं. दिपमाला म्हणाली, "तरी हाच शब्द लिहिला असता."

शेठजींनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज येत नव्हता, नुसते खांदे. दाराबाहेर उभ्या असलेल्या शिपायाने नंतर शपथेवर सांगितलं की शेठजी रडत होते. ते हसत होते. हसणं संपल्यावर त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि अटी सांगितल्या. एसी लागतील, कारण जवरीलालच्या घरातला माणूस छातीवर हात ठेवून बोलला आहे. यापुढे काही मागायचं असेल तर मराठीत मागायचं आणि सरळ त्यांच्याकडे यायचं. पुढची शिकवणी अठरा जणांची आहे, ती मॅडमच्या जोडीने दिपमालाने घ्यायची, कामाच्या वेळेत, आणि त्यात वेगळ्या नावाची भानगड नको. चौथी गोष्ट त्यांनी जरा आवाज खाली करून सांगितली. तरुणला यातलं काही कळू द्यायचं नाही. त्याला वाटतंय की चूक त्याच्याच वाचण्यात झाली, आणि त्या भीतीने तो कालपासून जपानीचं पुस्तक घेऊन बसला आहे. कॉलेजात असताना सुद्धा त्याला मी पुस्तक घेऊन बसलेला पाहिला नव्हता, शेठजी म्हणाले.

घडी विभागात एसी मार्चअखेर लागले. आधी पत्र्याखाली थर्मोकोलचं छत करावं लागलं. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश चढलं तेव्हा घडी विभागातल्या दोन म्हाताऱ्या बायका स्वेटर घालून बसायला लागल्या आणि गारठ्याची तक्रार करायला लागल्या. मोरिता-सानांनी फोटो काढला त्यात त्या स्वेटरसकट आल्या आहेत. ओसाकाच्या मासिकात जळगाव हे थंड हवेचं गाव वाटत असणार.

तरुण शिकवणीला येतो, पहिल्या बाकावर बसतो आणि गृहपाठ करतो. दिपमाला त्याला तरुण-सान म्हणते आणि चूक झाली की वाक्य दहा वेळा लिहायला लावते. ती अहिराणीतूनच शिकवते आणि त्याला अहिराणी येत नाही, त्यामुळे आधी त्याला अहिराणी शिकावी लागते आणि मग जपानी. दोन्हींत तो अजून कच्चा आहे, पण आता तो बोलताना मोबाइल खाली ठेवतो. किरणने दोंडाईच्याहून फोन करून विचारलं की परीक्षेत आपल्याला किती मार्क पडले. दिपमालाने सांगितलं की ती पहिली आली.

गणपतीच्या सुमारास वनाने नवी लोडिंग रिक्षा घेतली. मागच्या फळीवर सगळे आईवडिलांचा आशीर्वाद वगैरे लिहून घेतात. त्याच्या मनात आलं की आपलं नाव जपानीत असावं. दिपमालाने रंगाचा डबा आणला आणि एका रविवारी दुपारभर बसून लाल रंगात एक लांबलचक ओळ काढली. नाव एवढं मोठं कसं, असं त्याने विचारलं. जपानीत आडनावासकट लिहितात, असं ती म्हणाली. वना ते रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायचा. मग एकदा कामिनी मॅडम गेटवर उभ्या होत्या आणि रिक्षा समोरून गेली. मॅडमनी ती ओळ वाचली आणि हसत हसत गेटच्या खांबाला टेकल्या. वनाने गाडी थांबवून काय झालं ते विचारलं. त्यांना खोटं बोलता आलं नाही. तिथे लिहिलं होतं, 'हा माणूस बायकोचं ऐकतो.'

संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुतले आणि पाट्यावर मिरच्या वाटणाऱ्या दिपमालासमोर येऊन बसला. ती मान वर न करता म्हणाली की उद्या पुसून टाकते.

"र्‍हाऊ दे," तो म्हणाला. "आठे कोनले वाचता येस?"